कान्होजी आंग्रे : समुद्रावरील जकातीचा धनी

१९४१ सालच्या डिसेंबर महिन्यातील १८ आणि १९ तारखांमधल्या रात्री इजिप्तच्या अलेक्झांड्रिया बंदरात सहा इटालियन नौसैनिक शिरले. एका पाणबुडीने त्यांना बंदराबाहेर आणून सोडले होते. पाण्याखालून चालणारी तीन लांबट वाहने, प्रत्येकावर घोड्यावर बसावे तसे बसलेले दोन सैनिक आणि वाहनाच्या तोंडाशी स्फोटकांनी भरलेले, सुटे करता येणारे डोके, एवढाच त्यांचा सरंजाम. पहाटे स्फोट झाले आणि ‘क्वीन एलिझाबेथ’ व ‘व्हॅलियंट’ या ब्रिटिश आरमाराच्या दोन प्रचंड युद्धनौका बंदराच्या तळाला टेकल्या. सहाही सैनिक कैद झाले. परंतु पूर्व भूमध्य समुद्रातील बलाबल काही महिने पालटले ते पालटलेच. ही विद्या इटलीने पहिल्या महायुद्धाच्या शेवटी हस्तगत केली होती. १ नोव्हेंबर १९१८ रोजी पोला बंदरात दोघा इटालियन अधिकाऱ्यांनी ऑस्ट्रियाची एक युद्धनौका याच रीतीने बुडविली. इटालियन नौदलाचे आजचे कमांडो दल आपली वंशावळ त्या रात्रीपर्यंत नेते. आपल्या नौदलाने १९८७ मध्ये उभारलेले आणि आज ‘मार्कोस’ या नावाने विद्यार्थ्यांच्या तोंडी असलेले मरीन कमांडो दलही याच जातीचे आहे.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला या हकीकतीतील शौर्याइतकाच तिच्यातील हिशेबही विचार करावयास लावतो. मोठे जहाज बांधण्याइतके भांडवल ज्याच्यापाशी नाही, त्याने मोठ्या जहाजाशी बरोबरी करू नये; ते जहाज जिथे अडखळते तिथे त्याला गाठावे. पण इटालियनांचा हिशेब इथेच संपत होता. शत्रूचे जहाज निकामी केल्यावर त्या समुद्राचे करावयाचे काय, हा प्रश्न त्या सहा जणांपुढे नव्हता. त्यांच्या सव्वादोनशे वर्षे आधी आपल्या कोकण किनाऱ्यावर एका माणसाने लहान नावांच्या बळावर मोठी जहाजे नुसती अडविली नाहीत, तर त्या पाण्यावर जकात बसविली आणि ती वसूल करण्याचा अधिकार आपला आहे असे युरोपीय सत्तांना बजावले. त्याचे नाव कान्होजी आंग्रे. इंग्रजांच्या कागदपत्रांत त्याची नोंद चाचा म्हणून झाली, आमच्या शालेय पुस्तकांत आरमारवीर म्हणून. या दोन्ही शब्दांखाली त्याचा खरा व्यवसाय झाकला गेला आहे, असे माझे मत आहे.

नळदुर्गात बसून समुद्राविषयी लिहिणे काहींना विचित्र वाटेल. बोरी नदीवरच्या आमच्या पाणीमहालापलीकडे एवढे पाणी आम्ही पाहत नाही, आणि समुद्र म्हणजे नकाशातील निळा रंग अशी इथल्या पुष्कळ विद्यार्थ्यांची कल्पना असते. तरीही या किल्ल्याचा समुद्राशी संबंध होता. ज्या आदिलशाहीने नळदुर्गाला हा पाणीमहाल दिला, तिच्याच ताब्यात दाभोळ बंदर होते आणि पुढे आंग्र्यांच्या नावाशी जोडले गेलेले सुवर्णदुर्ग व विजयदुर्गही होते. दख्खनच्या किल्ल्यांतून जे घोडदळ उभे असे, त्यातील उत्तम घोडे अरबस्तानातून व इराणातून गलबतांवरून येत. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी आदिलशहाकडून गोवे घेतले ते या व्यापाराची नाडी हाती घेण्यासाठीच. त्यांनी कार्ताझ नावाचा परवाना काढला होता. तो नसलेले जहाज समुद्रात सापडले की माल जप्त. जमिनीवर लाखांची फौज बाळगणाऱ्या विजापूरच्या सुलतानाच्या जहाजांनाही मूठभर पोर्तुगीजांचे हे परवाने घ्यावे लागत आणि त्यात कोणाला फारसे वावगे वाटत नसे. दख्खनी सत्ता समुद्राला आपल्या राज्याचा भाग मानीतच नव्हती. ही समजूत मोडली ती शिवाजी महाराजांनी. त्यांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत आरमार उभे केले, सिंधुदुर्ग बांधला आणि १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडावरील खांदेरी बेटावर तटबंदी घातली. ती उठविण्यासाठी आलेल्या इंग्रज जहाजांना मराठ्यांच्या लहान, चपळ होड्यांनी जेरीस आणले, हा कान्होजीच्या युद्धशास्त्राचा पहिला धडा म्हणता येईल.

कान्होजीचा जन्म १६६९ च्या सुमाराचा मानतात. मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आले १६६८ मध्ये; म्हणजे हे दोन प्रतिस्पर्धी जवळजवळ एकाच वयाचे. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. पुणे प्रांतातील अंगरवाडी गावावरून आंग्रे झाले. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात चाकरीला होते आणि कान्होजीचे लहानपण सुवर्णदुर्गाच्या परिसरात गेले. त्याच्या पहिल्या पराक्रमाची हकीकत परंपरेने चालत आली आहे: किल्लेदार सिद्दीला फितूर होऊन किल्ला देण्याच्या बेतात असताना तरुण कान्होजीने शिबंदीला आपल्या बाजूस वळवून त्याला कैद केले आणि वेढ्याला तोंड देऊन किल्ला राखला. तपशिलांत फरक असतील, पण काळ कोणता होता ते ध्यानात घ्यावे. १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. राजधानी नाही, खजिना नाही, पगार पाठविणारा कोणी नाही. अशा वेळी किनाऱ्यावरचे किल्ले ज्यांनी राखले त्यांनी ते स्वतःच्या कमाईवर राखले. कान्होजीच्या स्वतंत्र बाण्याचे मूळ इथे आहे. १६९८ च्या सुमारास आरमारप्रमुख सिधोजी गुजर वारला आणि सरखेल ही पदवी कान्होजीकडे आली. तोवर कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग अशा ठाण्यांच्या साखळीला एक धनी मिळू लागला होता.

त्याच्या आरमारात नावा मुख्यतः दोन प्रकारच्या. गुराब ही मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, साधारण दीडशे ते तीनशे टनांची. तिची नाळ पुढे लांब व सखल निघालेली असे आणि त्या नाळेवरून दोन मोठ्या तोफा सरळ समोर मारा करीत. गलबत लहान, फार तर सत्तर टनांचे, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे, हलक्या तोफांचे. दोन्हींचा तळ उथळ. समुद्रावर वारा पडला की इंग्रजांचे उंच शिडांचे जहाज जागच्या जागी खिळून राही. अशा वेळी वल्ह्यांची गलबते गुराबांना दोरांनी ओढीत आणीत आणि शत्रूच्या पिछाडीला, जिथे त्याच्या बाजूच्या तोफा वळू शकत नाहीत अशा ठिकाणी नेऊन उभी करीत. मारा शिडांवर व डोलकाठ्यांवर होई. जहाज पांगळे झाले की गलबतांतील लोक तलवारी घेऊन सर्व बाजूंनी वर चढत. वाऱ्याने साथ दिली आणि इंग्रज जहाज सावरले, तर हीच गलबते एखाद्या खाडीत शिरत; तिथे मोठ्या जहाजाचा तळ वाळूला लागणार हे ठरलेले.

पुष्कळ लेखक या पद्धतीचे वर्णन गनिमी कावा एवढ्या दोन शब्दांत आटोपतात. मला त्यातील खर्चाची बाजू अधिक बोलकी वाटते. कोकणातले सागवान, किनाऱ्यावरच्या खाड्यांतील गोद्या, खलाशी म्हणून कोळी, भंडारी, खारवी. पावसाळ्याचे चार महिने नावा ओढून ठेवायच्या. कंपनीच्या जहाजाचे लाकूड असो, दोरखंड असो की गोरा खलाशी असो, पुष्कळसे हजारो मैलांवरून यायचे. एक गलबत गमावल्याने कान्होजीचे जेवढे नुकसान होई, त्याच्या कितीतरी पट नुकसान कंपनीला एक जहाज गमावल्याने होई. शिवाय कंपनीची जहाजे मालाने भरलेली, म्हणजे गमावण्याजोगे पुष्कळ असलेली, कान्होजीची रिकामी.

आता दस्तकाकडे वळू, कारण सगळ्या भांडणाचे मूळ त्यात आहे. कान्होजीचा दावा असा की मराठी किनाऱ्यालगतच्या पाण्यातून माल नेणाऱ्याने त्याचा परवाना, म्हणजे दस्तक, घ्यावे आणि त्याची फी भरावी. विनादस्तक जहाज जप्त होईल. ही पद्धत त्याने नव्याने काढलेली नव्हती. पोर्तुगीज तिच्यावर दोनशे वर्षे जगत होते आणि इंग्रजही देशी व्यापाऱ्यांना आपले परवाने देत होते. कंपनीच्या स्वतःच्या मालाबाबत समझोता करायला कान्होजीची ना नव्हती. परंतु मुंबईचे इंग्रज अधिकारी कंपनीच्या पगारावर संतुष्ट नव्हते. त्यांचा स्वतःचा खाजगी व्यापार चाले, त्यात देशी दलालांचा पैसा असे, आणि तो माल कंपनीच्या निशाणाखाली फुकट जावा अशी त्यांची अपेक्षा असे. कान्होजीचे म्हणणे, निशाण कंपनीचे असले तरी माल कोणाचा ते पाहिले जाईल. जकात नाक्यावर काम केलेल्या कोणाही कारकुनाला हा वाद समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे मुंबईच्या गव्हर्नरांशी झालेल्या पत्रव्यवहारात त्याने हा मुद्दा वारंवार मांडला आणि व्यापाऱ्याच्या वेषात येऊन तलवारीने राज्य मिळविणाऱ्यांनी दुसऱ्याला चाचा म्हणावे, याविषयी टोमणाही मारला.

१७१२ च्या अखेरीस त्याने मुंबईच्या गव्हर्नरचे सशस्त्र जहाज आणि कारवारहून येणारे ‘ॲन’ हे जहाज पकडले. कारवारच्या वखारीचा प्रमुख लढाईत मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कैद झाली. तीस हजार रुपये खंडणी घेऊनच कान्होजीने तिला व इतर कैद्यांना सोडले. या प्रसंगाचे समर्थन करण्याच्या भानगडीत मी पडणार नाही. त्या काळी युरोपीय सत्ताही कैद्यांचे पैसे घेत, हे खरे. पण विधवेच्या सुटकेची किंमत ही किंमतच असते. दस्तकाची फी देशी व्यापाऱ्यांवरही पडे आणि त्यांना ती जाचक वाटे, हेही विसरता कामा नये. कान्होजी साधुपुरुष नव्हता. तो एका लहान, कायम लढाईत असलेल्या सत्तेचा प्रमुख होता आणि त्या सत्तेला रोकड लागे.

१७१३ मध्ये त्याने इंग्रजांशी तह केला, आणि त्याची वेळ अचूक होती. शाहू महाराज १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून आल्यापासून मराठी राज्यात दुही होती; कान्होजी ताराबाईंच्या पक्षाला होता. शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्याच्यावर पाठविले. कान्होजीने पेशव्यांनाच कैद केले आणि लोहगड व राजमाची घेतली. समुद्राकडील पाठ सुरक्षित असल्यावाचून त्याला घाट चढता आला नसता. साताऱ्यावर संकट आले तेव्हा शाहूंनी बाळाजी विश्वनाथांना पेशवाई दिली. बाळाजीपंत श्रीवर्धनचे, कोकणची माणसे ओळखणारे. त्यांनी युद्ध न करता बोलणी केली आणि १७१४ मध्ये समेट घडविला. पिंगळे सुटले, कान्होजीने शाहूंचे स्वामित्व मान्य केले आणि त्याला सरखेल पदासह दहा मोठे व सोळा लहान किल्ले मिळाले. मराठ्यांच्या इतिहासात अटकेपार गेलेल्या घोड्यांचे कौतुक फार होते. या शांतपणे झालेल्या कराराचे त्या मानाने काहीच होत नाही. वस्तुतः पुढची पंधरा वर्षे कोकण किनारा परकीयांना अजिंक्य राहिला तो या कराराच्या आधारावर.

१७१५ च्या डिसेंबरात चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याने शहराभोवती तट घातला, लहानमोठ्या वीसएक जहाजांचे आरमार जमविले आणि कान्होजीला नष्ट करण्याचा विडा उचलला. १७१७ मध्ये विजयदुर्गावर हल्ला झाला, फसला. १७१८ च्या नोव्हेंबरात खांदेरीवर हल्ला झाला, फसला. १७२० मध्ये जाड भिंतींचे, तरंगत्या बुरुजासारखे एक जहाज खास बांधून पुन्हा विजयदुर्गावर नेले, तेही फसले. प्रत्येक अपयशानंतर मुंबईत दोषी शोधला जाई आणि तो अर्थातच देशी लोकांत सापडे. त्यात बळी गेला रामा कामती. हा मुंबईचा मातबर सारस्वत व्यापारी कंपनीच्या हिंदी शिपायांचा सरदारही होता. कोटातील इंग्रजांचे मोठे देवालय १७१८ च्या नाताळात उघडले तेव्हा त्या समारंभास तो आपल्या जातिबांधवांसह हजर होता. त्याच्यावर कान्होजीशी गुप्त संधान बांधल्याचा आरोप ठेवला गेला, पुरावा म्हणून एक पत्र पुढे आले, नोकरांचा छळ करून जबान्या घेतल्या, मालमत्ता जप्त झाली आणि त्याला जन्मठेप दिली. पत्र बनावट होते, हे पुढे उघड झाले. पण कामती १७२८ मध्ये तुरुंगातच मेला. कान्होजीच्या तोफांनी कंपनीचे किती नुकसान केले याची चर्चा होते. त्याच्या भीतीने कंपनीने एका निर्दोष मराठी माणसाचे घर कसे बुडविले, हे फारसे सांगितले जात नाही.

१७२१ मध्ये इंग्लंडच्या राजाची चार युद्धजहाजे घेऊन कमोडोर मॅथ्यूज आला. इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी हात मिळविले आणि डिसेंबरात हजारोंच्या फौजेनिशी चौलच्या बाजूने कुलाबा किल्ल्यावर चाल केली. हा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर आहे. ओहोटीला तिथे चालत जाता येते आणि भरतीला तो बेट होतो. हल्ल्याच्या वेळी इंग्रज तटाला भिडले, पण शाहूंनी पाठविलेले मराठी घोडदळ मैदानात दिसू लागताच पोर्तुगीज फळी मोडली आणि इंग्रजांना तोफा व दारूगोळा टाकून माघार घ्यावी लागली. काही दिवसांतच पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून बाजीरावांशी वेगळा तह केला. पाण्यावर गलबते आणि मागे घाटावरचे घोडे, असा १७१४ च्या कराराचा अर्थ त्या दिवशी कुलाब्याच्या वाळूत सर्वांना दिसला. १७२४ मध्ये डचांनी सात जहाजांनिशी विजयदुर्गावर नशीब अजमावले आणि तेही रिकाम्या हाताने परतले.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारला. समाधी अलिबागेत आहे. पोर्तुगीज, इंग्रज आणि डच या तिन्ही आरमारांशी झगडून त्याने किल्ल्यांची साखळी शाबूत ठेवली होती. बून ज्या मुंबईच्या कोटातून मोहिमा पाठवीत असे, तिथल्या नौदल तळाला १९५१ पासून आंग्र्यांचे नाव आहे, आणि १९९८ मध्ये खांदेरी बेटाला कान्होजीचे नाव देण्यात आले. स्मारकांच्या बाबतीत त्याची उपेक्षा झाली, असे म्हणता येणार नाही.

उपेक्षा झाली ती त्याच्या हिशेबाची. थोरला मुलगा सेखोजी १७३३ मध्ये गेला आणि भावांत वाटण्या होऊन कुलाबा मानाजीकडे, दक्षिणेकडील किल्ले संभाजीकडे व त्याच्यामागून तुळाजीकडे गेले. तुळाजी उद्दाम होता, पेशव्यांना जुमानीत नव्हता, हे खरे. पण बाळाजी विश्वनाथांपुढेही असाच एक उद्दाम सरखेल उभा होता आणि त्यांनी त्याच्याशी करार केला होता. त्यांच्या नातवाने, नानासाहेब पेशव्यांनी, इंग्रजांना बोलावले. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले; खाडीत एकत्र नांगरलेले आंग्र्यांचे आरमार एका दिवसात जळून गेले आणि पाठोपाठ किल्ला पडला. जे काम बूनला आणि मॅथ्यूजला साधले नाही, ते इंग्रजांना साधले, कारण या वेळी घाटावरचे घोडे त्यांच्या बाजूला होते. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत मेला. किल्ल्यातील लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली, पेशव्यांना त्यातले काही मिळाले नाही. विजयदुर्गही त्यांनी ताबडतोब सोडला नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातील तहाने तो पेशव्यांना परत मिळाला, आणि त्याच्या मोबदल्यात बाणकोट इंग्रजांना द्यावे लागले.